मुनीम माती कुठं टाकतो

२२ ऑगस्ट १९७८, सकाळ
आज शोध लागला. ओटा झाडत होतो. मुनीम रस्त्याच्या कडेला आपला कार्यक्रम उरकून उठला आणि मागच्या पायांनी भराभर माती उडवू लागला. (मुनीम हा कुत्रा आहे. आम्हा दोघा भावांच्या दुकानांपुढे दिवसभर बसतो आणि काम काही करत नाही, म्हणून किन्हीराजा गावानं त्याला हे नाव ठेवलं.) माझ्या डोक्यात एकदम लाइट लागला. मुका प्राणी, पण आपली घाण आपण झाकतो! झालं गेलं, माती टाकली, पुढं चालला. माणसाला हे जमतं का? भाईसाबांना तर मुळीच नाही.

भाईसाब म्हणजे थोरले बंधू घेवरचंद. दुकान भिंतीला भिंत लागून. बोलणं बंद. भर बाजाराच्या दिवशी चारचौघांत ते म्हणाले होते, देवेंद्रच्या गुळाला मुंग्यासुद्धा लागत नाहीत. मी ती गोष्ट केव्हाच विसरलो आहे. वार मंगळवार होता, माझ्या अंगात निळा सदरा होता.

२४ ऑगस्ट
पूनमचंदजी आले. आमच्या जैन संघाचे ते प्रेसिडेंट. म्हणाले, यंदा पर्युषणाला गावात महाराज नाहीत, तेव्हा शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, क्षमेवर पाच मिनिटं तुम्ही बोला. मी नको नको म्हणालो. ते लगेच बरं म्हणून उठायला लागले, म्हणून घाईनं हो म्हणावं लागलं.

मग हळूच म्हणाले, घेवरचंदजी दुकान मोडून वाशिमला मुलाकडे चालले. संवत्सरी झाली की निघणार. त्या दिवशी सगळा संघ एकमेकांपुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, वर्षाच्या चुकांची माफी मागतो, आणि तुम्ही सख्खे भाऊ तोंड फिरवता. एवढ्या वेळी तरी बोला.

मी काय तोंड फिरवतो? गेल्या संवत्सरीला मला ताप होता. त्याच्या आधीच्या संवत्सरीला शेजारच्या मालेगावात अर्जंट काम निघालं.

भाईसाब गेले तर मला काय फरक पडतो. गिऱ्हाईक सगळं माझंच. संध्याकाळी जेवण गेलं नाही, पण ते डाळ कच्ची राहिल्यामुळे.

ठराव: भाषण कुत्र्यावरच करायचं. पर्युषणाचे आठही दिवस कडक उपवास. आणि भाईसाबांना मोठ्या मनानं माफ करून टाकायचं.

२७ ऑगस्ट
भाषणासाठी मुनीमचं बारीक निरीक्षण सुरू केलं आहे. एक अडचण आहे. माती घाणीवर पडत नाही.

काल भाईसाबांच्या पायरीवर पडली. आज माझ्या तुरीच्या डाळीच्या पोत्यात. घाण होती तिथं, होती तशी, उघडी. अंगुरीला म्हणालो, लहान आहे, शिकेल. ती म्हणाली, आपल्या लग्नाच्या पंगतीत पत्रावळी चाटत होता तो. बायकांना सायन्स कळत नाही. मागे न बघता नेम धरायचा म्हणजे चुकणारच. मुख्य म्हणजे भावना.

पुंजाजी तंबाखू घ्यायला आला होता. त्याला विचारलं, कुत्रं माती काहून उकरते? म्हणे, पायाले खाज येत असन शेठ, पण तुमी कुत्र्याच्या मांगं काहून बसून राह्यले, मले तंबाखू द्या ना. शेतकरी माणूस. मी दिली.

२९ ऑगस्ट
मालेगावला माल आणायला गेलो, तिथं गुरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, झाकण्याचा काही संबंध नाही. कुत्र्याच्या पंजाला वास असतो. जमीन खरवडून तो आपला वास आणि खुणा ठेवतो, की बाकीच्यांनी बघावं, इथं मी येऊन गेलो. म्हणजे झाकत नाही, उलट जाहिरात करतो.

डॉक्टर नागपूरकडचा, नवा आहे. त्यानं बहुतेक तिकडच्या कुत्र्यांचा अभ्यास केला असावा. भाषणात हा मुद्दा घेणार नाही.

३१ ऑगस्ट, सकाळ
पर्युषण सुरू. उपवास सुरू. फार हलकं वाटतं.

दुपार
शास्त्रात एकासणं, म्हणजे एकवेळचं जेवण, हेही तपच मानलं आहे. जेवलो. चहा धरायचा नाही.

२ सप्टेंबर
पोळा. सकाळपासून बैलांच्या सुतळ्या, घुंगरं, रंग. गिऱ्हाईक भाईसाबांकडेच जास्त. जाणारा माणूस म्हणून लोक मुद्दाम जातात, बाकी काही नाही. पुंजाजीसुद्धा तिकडेच गेला आणि माझ्या समोरून हसत आला.

हीराभाभी, म्हणजे भाईसाबांच्या पत्नी, ओट्यावर येऊन मुनीमला पोळी टाकत होत्या. वाळल्या आहेत. अंगुरी म्हणाली, अकोल्याच्या दवाखान्यात पंधरवडा पडून होत्या, मोठं ऑपरेशन झालं, सगळं गाव भेटून आलं. एक तुम्ही गेला नाहीत. ज्यांनी तुम्हाला लहानपणी न्हाऊमाखू घातलं त्यांना बघायला गेला नाहीत.

मी म्हणालो, पोस्टकार्ड लिहिणार होतो. पोस्टाचा कारभार माहीतच आहे, लिहिलं असतं तरी पोचलं नसतं.

५ सप्टेंबर
भाषण पाठ. अंगुरीला दोनदा म्हणून दाखवलं. तिला दोन्ही वेळा झोप लागली, म्हणजे आवाजात शांतता आहे.

भाईसाबांचं कसं करायचं याचाही विचार झाला. रीतीप्रमाणे धाकट्यानं पाया पडायचं. पण ज्याची चूक त्यानं आधी यायचं, हीही रीतच. बरोबरीत सुटलं. तरी मीच जाणार. सुशिक्षित माणसानं कमीपणा घ्यावा.

७ सप्टेंबर, संवत्सरी
भाषण यशस्वी. पूनमचंदजींच्या माडीवर सगळा संघ जमला होता. कुणी हललं नाही. शेवटी पूनमचंदजींनी शंका काढली, कुत्र्यानं माती उकरली की मातीतले जीव मरतात, मग तो क्षमेचा आदर्श कसा? मी म्हणालो, प्रत्यक्षच बघा. सगळ्यांना खाली अंगणात घेऊन गेलो. मुनीम दाराशी होताच. रात्रीच्या पावसानं चिखल झाला होता. मुनीमनं कोपऱ्यात सावकाश आपलं काम केलं, आणि मग असा काही जोर लावला की पूनमचंदजींचं धोतर कमरेपर्यंत भरलं. घाण तशीच उघडी. माणसं हसली. पण आजच्या दिवशी त्यांना मला माफ करणं भागच होतं, तेव्हा ते बरंच झालं.

संध्याकाळ
प्रतिक्रमणाचा पाठ झाल्यावर अंगुरीला घेऊन भाईसाबांच्या घरी गेलो. गेलो म्हणजे खरोखर गेलो. सामान बांधलेलं होतं. भाईसाब आणि भाभी दोघं सतरंजीवर बसले होते. मला बघून भाईसाब अर्धे उठले.

मी हात जोडले आणि तयारी केली होती तसं सगळं बोललो. म्हणालो, गुळाबद्दल तुम्ही जे बोललात त्याची मी तुम्हाला क्षमा करतो. वाटणीत चांगला वजनकाटा तुम्ही ठेवलात, त्याचीही करतो. माझी गिऱ्हाइकं ओढलीत, त्याचीही. आणि भाभींच्या ऑपरेशनला मी आलो नाही म्हणून तुम्ही मनात राग धरलात, तो रागसुद्धा मी माफ केला. मिच्छामि दुक्कडम्.

यात काय चुकलं मला कळत नाही. भाभी उठून आत गेल्या. भाईसाब परत खाली बसले. मग म्हणाले, देव्या, तुझी माती आमच्या अंगावर पडली रे.

परत येताना अंगुरी एक शब्द बोलली नाही. आजच्या दिवशी मौन चांगलं असतं.

८ सप्टेंबर
सकाळी दुकान उघडतो तर भाईसाब ओट्यापुढे उभे. पायात चपला नाहीत. मी पोत्यांमागे होतो. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, मिच्छामि दुक्कडम्.

मी थांबलो. मला वाटलं, आता गुळाचं निघेल, काट्याचं निघेल. काही निघालं नाही. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही, तेवढंच. थोरला भाऊ हात जोडून उभा, आणि मी पोत्याला धरून.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. कालच सगळं पाठ होतं. तोंडातून निघालं, बरं.

ते थोडा वेळ थांबले. मग गेले. दुपारी ट्रक आला. अंगुरी भाभींच्या गळ्यात पडून रडत होती. मी गिऱ्हाइकाला साखर देत होतो. भाभी माझ्या दुकानाकडे बघत होत्या. ट्रक वळणावरून गेला तेव्हा फार वाईट वाटलं.

९ सप्टेंबर
मिच्छामि दुक्कडम् हा शब्द म्हणायला किती वेळ लागतो? एक क्षण लागतो. मला म्हणायचाच होता, त्यांनीच थांबायला हवं होतं. काही हरकत नाही. उद्या पहिल्या मोटारीनं वाशिम. आधी भाभींच्या पाया पडायचं, मग भाईसाबांच्या. भाषण करायचं नाही. पक्कं. अंगुरीनं डब्यात शेव भरली.

१० सप्टेंबर
मोटार भरून आली. उभं राहून जाणं बरं दिसत नाही, थोरल्यांकडे जायचं तर ताजंतवानं जावं. उद्या नक्की. शेव मी खाल्ली.

११ सप्टेंबर
मोटार रिकामी होती. पण आज दुकान सोडता येण्यासारखं नव्हतं. आता भाईसाबांचंही गिऱ्हाईक माझ्याकडेच येणार, अशा वेळी कुलूप दिसलं तर लोक काय म्हणतील.

दिवसभरात एकटा पुंजाजी आला. घ्यायचं त्याला काही नव्हतं. विचारत होता, मोठे शेठ वाशिमले पोचले का बराबर, भाभीची तब्येत कशी हाय, तुमाले तं ठाऊक असन. मी म्हणालो, हो, मजेत आहेत.