न उघडलेली बरणी

आदरणीय इचे, माझ्या थोरल्या ताई,

आपल्या धाकट्या भावाचा, तोमचौचा, नम्र प्रणाम. आपण पाठवलेली आंबवलेल्या मासळीची बरणी अहमदाबादेत सुखरूप पोहोचली. आम्ही कुशल आहोत.

मागच्या बरणीच्या वासावरून घरमालक म्हणाले होते, "तोमचौभाई, हे तुमच्या देशात चालत असेल."

"देश एकच आहे, कीर्तिभाई."

"अरे, मस्करी केली! पण इथे नको हं."

माझ्या लेकीचे, आपल्या भाचीचे, इथले शिक्षण संपेपर्यंत घर बदलणे शक्य नाही.

काल तेच म्हणाले, "तुमच्याकडचं काही चाखवा ना!" मी बटाटे कुस्करून इरोंबा केला, पण त्याचा जीव असलेल्या आंबवलेल्या मासळीविना. मिटक्या मारत त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, "पाहा, असं असतं मणिपुरी जेवण!" मी मान डोलावली.

आपला गुडघा कसा आहे? आईने विचारल्यास, मासळी चवीला उत्तम होती, असे सांगावे.

आपला,
तोमचौ