पावणं, जेवून जावा

रविवार, १४ मार्च १९९९

गडमुडशिंगीत क्रिकेटवर सट्टा घेणाऱ्या एकाला आज पकडायचं होतं. साध्या वेशात, गिऱ्हाईक म्हणून मलाच पाठवलं. त्याची आई म्हणाली, "पावणं, जेवून जावा की." नको म्हणायला हवं होतं. गरम भाकरी खाल्ली, सट्टा लावला आणि बाहेरच्या पोलिसांना खूण केली.

तो फौजदारांना म्हणाला, "पुण्याच्या रेसकोर्सवर बुकी परवाना घेऊन बसत्यात. क्रिकेटचा कुठं मिळतोय? मीबी काढतो की."

"कुठंच नाही," फौजदार म्हणाले. खरंच आहे, कायदाच तसा आहे. मग मी ताटातल्या उरलेल्या भाकरीकडं का बघत बसलो?

म्हातारीला मी अजून पावणाच वाटत होतो. निघताना तिनं माझ्यापुढंच हात जोडले. "पावणं, तुमी तरी सांगा की ह्यास्नी."