गिरणीचं कापड चांगलं आहे

ठाणे, ७ जानेवारी १८८५

शेठने पुन्हा रेशीम दिलं नाही. म्हणाला, "इनास, तुझा बाप एका पीतांबराला महिना लावतो. गिऱ्हाईक आता थांबत नाही." बाबा ओट्यावर होते, त्यांना सांगितलं. "थांबंल. आज नय त उंद्या." घरातले दोन्ही माग रिकामे. बाबा रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसतात आणि माझ्याकडे असं बघतात, जशी काही ती मीच आणून टाकली.

११ जानेवारी

देवळात रविवारची मिस, म्हणजे प्रार्थना, आटोपून येताना जोशीबुवा भेटले. त्यांच्या आजापासून सोवळं आमच्या मागावरचं. किरिस्तावाच्या हातचं, म्हणून पाणी शिंपडून घरात न्यायचे. आज अंगावर गिरणीचं रेशीम. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. "अरे, यंत्राला जात नसते. शिंपडायचीही दगदग नाही." हसले. मीही हसलो, काय करणार.

घरी बायकोला, रोजाला सांगितलं. ती नाही हसली. "म्हंजे इतकी वर्सा आपल्या हातांनी बाटत व्हता?"

१६ जानेवारी

कुर्ल्याला जाऊन गिरणी पाहून आलो. मॅनेजरसाहेब मोडकं मराठी बोलतो, त्याने स्वतः फिरवलं. साच्यावर, म्हणजे यंत्राच्या मागावर, धोटा पळताना दिसतच नाही, नुसता आवाज. माणूस बाजूला उभा. धागा तुटला तरच त्याचा हात लागतो.

कापडाचं ठाण हातात घेतलं. काठ तपासला, उलटं करून पाहिलं, उजेडात धरलं. कापड चांगलं आहे. एखादी खोट सापडली असती तर किती...

साहेबाला रेशमाची जाण असलेले हात हवेत. ठाण्याचे सगळे विणकर घेऊन ये म्हणतो.

१८ जानेवारी

मिस झाल्यावर क्रुसाजवळ सगळे मागवाले जमले. कैतानकाका, बाबांचे चुलतभाऊ, आमच्या पंचायतीचे म्होरके, त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, धंदा मरतोय, त्याच्याबरोबर आपण मरायचं कारण नाही. काळ बदलला, आपणही बदलू. घरचे माग मोडून टाका, म्हणजे मागे वळून बघायला नको. बोललो बरं. माझं मलाच आवडलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "तिथला कापर कसा हाय? खरा सांग."

"चांगलं आहे."

"आपल्यापरीस?"

उत्तराला न थांबता बाबा उठून गेले. कैतानकाका म्हणाले, "पोर खोटा नय बोलला. चला, जाऊ." बहुतेक सगळे तयार झाले. घरी बाबा म्हणाले, "तू जा. माझा हात त्या लोखंडाला नय लागनार." जेवले नाहीत.

कुर्ला, ३ फेब्रुवारी

लिहिता-वाचता येतं म्हणून मला मुकादम केलं. बाकीचे साच्यांवर. रात्री पडल्यावरही कानात खडखड चालूच. रविवारी साचे पुसायला लावतात, दोन रविवार मिस नाही. कैतानकाका साच्याजवळ उभ्या उभ्या ओठ हलवत प्रार्थना म्हणतात. मी पाहिलं न पाहिलंसं करतो. त्यांनी माग मोडून लाकडं वखारीत घातली म्हणे. बाकीच्यांनीही तेच केलं. माझं ऐकलं सगळ्यांनी.

ठाणे, ५ एप्रिल

पास्काचा सण, ईस्टर. बाबा सगळ्या आळीशी बोलले, माझ्याशी नाही. त्यांच्यासाठी आणलेलं नवं धोतर खुंटीवरच. रोजा म्हणते, शेठ इकडे फिरकतच नाही, बाबा दिवसभर मागावर नुसते बसतात. "रिकाम्या मागावर कसले बसतान, बघवत नय मला." मी म्हटलं, समजाव. ती म्हणाली, "बाप तुझा हाय."

कुर्ला, १० जून

साहेबाने बोलावलं. विलायतेहून नवे साचे आलेत. एका माणसाने दोन बघायचे, म्हणजे निम्मी माणसं नकोत. मी म्हटलं, ही माणसं मी आणलेली, घरचे माग मोडून आलेली. साहेब म्हणाला, "मुकादम, जग बदलतं. तुला समजतं म्हणून तर तुला वर घेतला." नावं मी द्यायची. मंद हात आधी.

मंद हात कोणाचा ते मला माहीत आहे.

१२ जून

नावं दिली. कैतानकाकांचं पहिलं. त्यांची नजर गेली आहे, तुटलेला धागा सापडत नाही. हे खरं आहे. खरं आहे म्हणून दिलं.

काकांनी विचारलं, "माझ्या जाग्यावर कोन येनार?"

"कोणी नाही काका."

"मंग मी का जायाचा?"

काकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं. खांद्यावरचा पंचा झटकला, परत खांद्यावर टाकला, आणि गेले.

ठाणे, २८ जून

रजा काढून आलो. देवळात माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. कैतानकाकांची सून समोरून येत होती, ती बाजूच्या गल्लीत वळली. रोजा विहिरीवर गेली की बायका बोलायच्या थांबतात. पाद्री म्हणाले, "इनास, तू वाईट हेतूने नाही केलंस." हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

मी चुकलो कुठे, हेच शोधतोय. धंदा मेलाच असता. गिरणी आलीच असती. मी नसतो तर दुसरा मुकादम असता. हे सगळं बरोबर आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

बाबा आज बोलले. "कैतान रोज येतो, माझ्या मागावर बसतो. आमी दोघा बसतो." बस, इतकंच.

कुर्ला, ६ ऑगस्ट

सकाळी फाटकाशी काम मागणाऱ्यांची रांग. मी पुढून एकेकाला बघत चाललो होतो. रांगेत बाबा.

पास्काला मी आणलेलं, खुंटीवरच राहिलेलं धोतर नेसलेले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही इथे?" त्यांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुकादम, तुमचेकरं काय काम हाय का?"

तुम्ही म्हणाले मला.

साहेब मागून आला. "हा म्हातारा कोण? हात कसा आहे?"

ठाण्यात या हाताला जोड नाही. पण नजर कैतानकाकांपेक्षा अधू. ज्या न्यायाने काकांना काढलं, त्याच न्यायाने यांना घेता येत नाही. घेतलं तर काकांना तोंड कुठे दाखवू? तुटक्या रेशमाचा गुंता सोडवायला म्हातारी माणसं ठेवतात, तिथे बसवू? बाबांना? साहेबाला म्हटलं, उद्या सांगतो. बाप आहे हे नाही सांगितलं.

संध्याकाळी खोलीवर घेऊन आलो. भात टाकला, सुकटीची चटणी होती. मी म्हटलं, "रोजाला सांगून आलात ना?" बाबांनी मान डोलावली. कैतानकाका यावर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. निम्मं जेवण झाल्यावर म्हणाले, "उंद्या कवा येऊ, मुकादम?"

खोलीत आम्ही दोघंच होतो.