मागचे ब्रेक आणि माझी प्रतिज्ञा

सोमवार, ३ जून
ब्रेक दाबला की मागच्या चाकांतून किंकाळी येते. पॅड झिजलेत. बायको म्हणाली, गॅरेजला टाका. रविवारी लेकीला वसतिगृहात सोडायचंय, चार तासांचा रस्ता आहे. मी म्हटलं, आज गाडी दुसऱ्याच्या हाती देणारा समाज उद्या अक्कलही गहाण टाकतो. वाक्य जमलं. शनिवारच्या भाषणात घेणे.

मंगळवार, ४ जून
नवे पॅड आणले. जेवताना उभं राहून जाहीर केलं: हे ब्रेक माझ्या हातांनी बसतील, तरच मी या गाडीत पाऊल ठेवीन. लेकीने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, बसा, जेवण निवतंय.
रविवारी वाटेत लेकीला काय सांगायचं, त्याची टिपणं काढायला घेतली. विषय: निर्भयपणा. चार तास पुरतील असं वाटत नाही.

बुधवार, ५ जून
सकाळी ८. गाडी जॅकवर. चाकाचा एकही नट सैल होत नाही. पाना लावला की अख्खं चाकच फिरतं. बायको म्हणाली, नट गाडी उचलायच्या आधी सैल करतात. मला माहीत होतं. खात्री करून घेत होतो.
दुपारी ४. चाक निघालं, जुने पॅड निघाले. नवे जाड आहेत. ते बसायचे तर पिस्टन आत सरकायला हवा. दाबतोय.

गुरुवार, ६ जून
दाबतोय.
लेक म्हणाली, बाबा, पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत, मागचा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यायचा असतो, पुस्तिकेत चित्र आहे. मी म्हटलं, चित्रं बघून क्रांत्या होत नाहीत. दडपण आल्याशिवाय कुठली सत्ता मागे हटली आहे? शिवाय पुढचे पॅड मी असेच दाबून बसवले होते. बायको म्हणाली, ते माझ्या भावाने बसवले, तुम्ही टॉर्च धरला होता.
टॉर्चशिवाय त्याला काय दिसणार होतं?

शुक्रवार, ७ जून
पिस्टन दाबायला लावलेला क्लॅम्प वाकला. पिस्टन जागचा हललेला नाही. शत्रू थकल्याची स्पष्ट चिन्हं.

शनिवार, ८ जून
'स्वावलंबन' या विषयावर वाचनालयात दीड तास बोललो. गहाण अक्कल फार गाजली. परतलो तर गाडी चारही चाकांवर उभी, आणि मायलेकी बेसिनपाशी काळा फेस काढत होत्या. दोन्ही बाजूंचे पॅड बसले म्हणे. फिरवल्यावर पिस्टन मुकाट आत गेला.
जाणारच. तीन दिवस दाबून त्याचा धीर मीच खचवला होता.

रविवार, ९ जून
इस्त्रीचा शर्ट घालून, टिपणं खिशात ठेवून सहालाच फाटकाशी उभा राहिलो. लेक म्हणाली, पण बाबा, तुमची प्रतिज्ञा? मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि आग्रहाची वाट पाहिली. बायको म्हणाली, तुमच्या तत्त्वाच्या आड आम्ही कशा येऊ. आणि माझ्या जागेवर गादीची वळकटी ठेवली. लेकीने मिठी मारली. निर्भयपणाबद्दल काही सुचेना. नीट जेवत जा, एवढंच म्हणालो.
बायकोने गाडी काढली. कोपऱ्यावर मागचे लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. टिपणं सावरत धावलो. लेकीपुढे प्रतिज्ञाही झुकते, हे वाक्य वाटेतच तयार केलं.
लेकीने काच खाली केली. म्हणाली, काही नाही बाबा, ब्रेक लागतात का ते बघितलं.
लागतात.