देव्हाऱ्यातली बाटली

नवी पेठ, सोलापूर
सोमवार, दुपार (गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप श्रीशैलअण्णांच्या चरणी धाकट्या शिवयोगीचा सप्तांग नमस्कार. आठवं अंग म्हणजे माझा उजवा गुडघा. तो एकदा जमिनीला टेकवला की वर उचलायला दुसरं माणूस लागतं, आणि आत्ता दुकानात मी एकटा आहे. तेव्हा तेवढ्या अंगाचा नमस्कार मनातल्या मनात घ्यावा.

तुमची प्रकृती ठीक असेलच. मल्लव्वा वहिनींचा खोकला गेला का? होटगीला सोलापूरपेक्षा थंडी जास्त असते असं तुम्ही दर वर्षी सांगता आणि आम्ही दर वर्षी मान्य करतो (इतक्या जवळच्या गावात वेगळी थंडी कुठून येते, हे मला अजून कळलेलं नाही). परवा फोनवर म्हणालात की दिवाळीपासून गुडघे एकदम हलके झालेत, कठडा न धरता जिना चढता येतो. ऐकून आनंद झाला. या विषयाकडे मला परत यावं लागणार आहे, पण इतक्यात नाही. आता हे सगळं फोनवरच का सांगत नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी नुसतं हॅलो म्हटलं तरी स्वयंपाकघरातून वहिनी विचारतात, भावजींनी जेवण केलं का? आणि या पत्रातला मजकूर वहिनींच्या कानावर अजिबात जायला नको आहे. तुमच्या घरात वाचायचा चष्मा एकच आहे. पत्र संपेपर्यंत तो नाकावरून काढू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

तर विषय माझ्या सांध्यांचा. खांद्याचं दुखणं जुनं आहे. तो काठीच्या सरावात गेला, त्यामुळे त्याबद्दल कोणाला सांगताना मान ताठ राहते (आपल्या गावात नंदीध्वज पेलताना गेलेला खांदा म्हणजे जवळजवळ पदवीच). गुडघ्याचं तसं नाही. गुडघा दुकानात गेला. एक बाई टॉवेल बघायला आल्या होत्या. खालचे सगळे बघून झाले, मग म्हणाल्या, त्या तिथले वरचे दाखवा. मी स्टुलावर चढलो, गठ्ठा ओढला, गठ्ठ्याबरोबर मीही आलो. बाईंनी मला पाणी दिलं, खूप हळहळल्या आणि टॉवेल समोरच्या दुकानातून घेतले. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आतला लिगामेंट फाटलाय आणि गादीही झिजली आहे. चालता-फिरता येईल, पण गुडघा पहिल्यासारखा होणार नाही. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा फोटो बघतायत.

तुम्हाला माझी तेव्हाची अवस्था सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत घरावर घर ठेवावं एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून गर्दीतून न्यायची, आणि ती पेलणाऱ्याच्या गुडघ्याला डॉक्टर म्हणतो, जिना जपून उतरा. गेल्या वर्षी मी व्हायरल तापाचं कारण सांगून काठीला हात लावला नाही. या वर्षी तोच ताप पुन्हा आणला तर लोक विचारतील की हा ताप पंचांग बघून येतो का. म्हणून यंदा उचलायचीच, असं ठरवलं आणि इलाजाला लागलो. इलाज म्हणजे एक नाही. तुमच्या धाकट्या भावजयीने, महानंदाने, डिंकाचे लाडू केले. बसस्टँडवरच्या माणसाकडून तेल आणलं (त्याने बाजूने लंगडत जाणाऱ्या एका गृहस्थांना माझ्यादेखत सरळ चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा तिथेच लंगडत होते). हळदीच्या गोळ्या झाल्या, तांब्याचं कडं झालं. दूध घालायला येणारा आपला मायाप्पा धनगर म्हणाला की बकऱ्याच्या पायाचं सूप प्या, लई गुण हाय. त्याला मी गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं की आम्ही गळ्यात लिंग घालणारी माणसं, आमच्या दारात असलं बोलायचं नाही. बिचारा माप तिथेच टाकून गेला.

शेवटी आमच्या शिवराजने अमेरिकेहून सांध्यांच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या धाडल्या. बाटली तुम्ही पाहिलीच आहे. काय ती बाटली! झाकण उघडायलाही अक्कल लागते. मी डॉक्टरांना विचारलं, घेऊ का? ते म्हणाले, "घ्यायच्या तर घ्या, नाही घेतल्या तरी चालेल." अण्णा, माझ्या आयुष्यात कोणत्याही डॉक्टरने असं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. औषध म्हणजे घेतलंच पाहिजे किंवा घेता कामा नये. दोन्ही चालतं ते औषध कसलं? पण त्यांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला पटला, म्हणून तेवढा घेतला. त्यांच्याकडे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी सांगितलं की टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि पाय ताणून ती दाबायची, मग सोडायची, मग पुन्हा दाबायची. जन्मभर टॉवेल विकणाऱ्याला टॉवेल दाबायला सांगतात, म्हणून मला जरा अपमान वाटला. तरी सकाळी दुकान उघडल्यावर वेळ जायला मी ते करत होतो. त्या काळात महानंदाने भजी आणि साखर बंद केली, तेही निमूट सोसलं. बाटली मात्र मी मनापासून घेतली. देव्हाऱ्यात विभूतीच्या शेजारी ठेवली. रोज स्नान, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि मग तीर्थ घेतल्यासारखी गोळी.

आणि गुण आला की अण्णा. दसऱ्याला मी रिक्षातून पाय न धरता उतरलो. दिवाळीला दुकानाचं शटर खाली वाकून उघडलं. सरावाला गेलो तर मंडळींनी विचारलं, काय केलंत? मी बाटली काढून दाखवली. मग काय विचारता, यात्रेत बाराबंदी घालून काठी पेलणारे आपले सगळे जुने गडी, कोणाची कंबर, कोणाचा घोटा, सगळे हात पुढे करून उभे. मी प्रसाद वाटावा तशा एकेकाच्या हातावर गोळ्या ठेवल्या. दोघा-तिघांनी कपाळाला लावून मगच तोंडात टाकल्या.

पुढचं लिहिताना हात जड झालाय (खांदा नव्हे). आमची उत्कर्षा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तिने देव्हारा पुसताना बाटली उचलली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. मग मला हाक मारून विचारलं, "अप्पा, हे कशापासून करतात माहीत आहे?" मी म्हटलं, अमेरिकेत करतात. ती म्हणाली, "कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचापासून." वर गोळीचं वेष्टन जनावराच्या हाडा-कातड्याचं, ते वेगळंच. महानंदाने देव्हाऱ्यापुढे बसकण मारली. ज्या घरात अंडं घातलेला केक उंबऱ्याबाहेर कापतात, त्या घरात मी रोज पूजा आटोपून खेकडा खात होतो. हे मायाप्पाला कोणी सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्याने दूध मापलं, माप भांड्यावर शांतपणे झटकलं आणि म्हणाला, "मालक, माज्या बकऱ्याचा पाय नगं म्हनला, आन दर्यातला खेकडा गिळला व्हय?" मी एक लिटर दूध जास्तीचं घेतलं.

आता माझा गोंधळ बघा. उत्कर्षा म्हणते, या गोळ्यांवर पुष्कळ अभ्यास झालेत. काही लोकांना थोडा फरक वाटतो, काहींना काहीच वाटत नाही, आणि नुसती साखरेची गोळी दिली तरी काहींना वाटतो. शिवाय दुखणं वर-खाली होतच असतं. माणूस फार दुखायला लागल्यावर गोळी सुरू करतो, मग ते आपोआप जरा उतरतं आणि श्रेय गोळीला जातं. मी म्हटलं, मग गुण आला तो कशाचा? ती म्हणाली, टॉवेलचा असेल, उतरलेल्या वजनाचा असेल, दिवसांचाही असेल. हे सगळं एकदम सुरू केलं तर कोणालाच सांगता येणार नाही. मग एकेक बंद करून बघू म्हटलं. गोळी बंद केली. पहिले दोन दिवस गुडघा भयंकर दुखला, तिसऱ्या दिवशी आठवलं की गोंधळात टॉवेलही बंद झालाय. टॉवेल पुन्हा सुरू केला तर बरं वाटलं, पण त्याच दिवशी थंडीही कमी झाली. आता मी कोणावर विश्वास ठेवू? पाप लागलं असेल तर निदान गुण तरी यायला हवा होता. आणि गुण गोळीचा नसेल, तर मी खेकडा फुकट खाल्ला. दोहोंपैकी एक तरी गोष्ट खात्रीची असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मनातलं सांगू का अण्णा? गोळीचा गुण असावा असं मला फार वाटतं. खेकड्याची का असेना. कारण गोळी खोटी ठरली तर डॉक्टर खरे ठरतात, आणि डॉक्टर खरे असतील तर काठी माझ्या कमरेवरून गेली. हे महानंदापुढे बोलवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, पण कुठल्या पत्रातून आला ते सांगू नका.

आपला आज्ञाधारक,
शिवयोगी

ता. क. दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर तुम्हाला पाठवलेली बाटली म्हणजे त्या दोनांतली दुसरी. मला क्षमा करा. वहिनींनी तीही देवाजवळच ठेवली असेल, तर आधी तिथून हलवा.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तुमच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या तीन वर्षांपूर्वी बदलल्या. आत आता धातू आणि प्लास्टिक आहे. मग दिवाळीपासून हलकं काय झालं? पोलादाला कोळंबी लागू पडते कशी? उत्कर्षाला फोनवर विचारलं तर ती आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "अप्पा, तुम्हाला हवं होतं ते उत्तर काकांनीच दिलं की." तेव्हापासून मी हसतही नाही आणि रडतही नाही, नुसता शटरकडे बघत बसलोय.

ता. क. ३. या पत्राचं खरं कारण हे आहे. गेल्या रविवारी सरावात वळणावर गुडघ्यात कट्‌ झालं आणि काठी कलली. खाली माणसं होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. मागून तुमच्या अमृतने हात घातला आणि काठी सरळ केली. मी सगळ्यांना सांगितलं की वारा होता. वारा नव्हता, अण्णा. अमृत तुमचा पोटचा मुलगा, आमच्याच घरी राहतो, रोज माझ्याबरोबर जेवतो, तरी त्याने यातलं अक्षरही तुम्हाला सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे. माझी काठी पडली तर गुडघा माझा जाईल, पण डोकं दुसऱ्याचं फुटेल. मला भीती वाटते. तेव्हा या रविवारी सरावाला या. आपल्या घरात पट्टा थोरल्याने बांधायचा असतो. माझ्या कमरेला तुम्हीच बांधलात, तेव्हा तुम्हीच सोडा आणि सगळ्यांदेखत अमृतच्या कमरेला बांधा. मी सोडला तर लोक म्हणतील, गुडघा गेला. तुम्ही सोडलात तर म्हणतील, रीत झाली. स्वतःचा पट्टा सोडून माझ्या कमरेला बांधलात, त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही काय केलं होतं, तेही येऊन सांगा. मला तेवढंच विचारायचं होतं.

ता. क. ४. येताना बाटलीत उरलेल्या गोळ्या घेऊन या. फेकून देण्यासाठीच मागतोय. बहुतेक.