राजाच्या कानात कोण फुंकतो

७ जानेवारी २०१८, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आमच्या घरात पेन फक्त रेशनकार्डाच्या वेळी शोधतात, त्यामुळे वही कुणी वाचायची भीती नाही. तरी तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे.

संकल्प: ११ फेब्रुवारीला डहाणूच्या युवा महोत्सवात आमच्या पाड्याचं नाटक. लेखिका, दिग्दर्शिका मीच. दरवर्षी आम्हाला तारपा नाचायला बोलावतात आणि नाच झाला की वडापाव देतात. यंदा आम्ही नाचणार नाही. यंदा आम्ही मरणार. स्टेजवर. शोकांतिका.

बीएला शिकले त्याप्रमाणे शोकांतिकेत मोठ्या माणसाचं मोठं पतन होतं. लहान माणूस पडला तर त्याला नुसतं पडणं म्हणतात. नायकात एक खोट असते. ती सगळ्यांना दिसते, त्याला दिसत नाही. दुपारभर स्वतःची खोट शोधली. सापडली नाही.

९ जानेवारी

नाटक लिहून झालं. 'राजा रणधवल'. प्रधान राजाच्या कानात कुजबुजतो की सेनापती शत्रूला फितूर आहे. राजा सेनापतीला हाकलतो. मग खरं कळतं आणि राजा मरतो. राजाने सेनापतीला एकदा विचारलं असतं तर पहिल्या अंकातच सगळे जेवायला घरी गेले असते. पण हे मोठे लोक विचारत नाहीत. मला त्यांची कीव येते.

प्रधान फार छान उतरलाय. तो कधीच आरोप करत नाही. नुसतं म्हणतो, "जाऊ दे महाराज, मी काही बोललो नाही."

१० जानेवारी

पात्रं ठरली. प्रधान जिग्नेश. चारोटीला त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे, बारावी पास, शर्टाला इस्त्री. राजा काळ्या. तो चिकूच्या वाडीत रोजावर जातो. दुसरीपर्यंत माझ्या वर्गात होता, मग आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला. आवाज असा की ढोलाची गरज नाही. मनिष सेनापती. तो उंच आहे, एवढंच.

बाबा म्हणाले, राजाचं काम वाडीतल्या गड्याला कसं दिलंस. त्यांना समजावलं की माझ्या मनात पूर्वग्रह शून्य आहे. काळ्या हुशार आहे. म्हणजे, त्याच्या मानाने.

शिस्तीसाठी तालमीत मला सगळ्यांनी मॅडम म्हणायचं ठरलं.

१२ जानेवारी

समाजमंदिरात पहिली तालीम. सगळ्यांना झेरॉक्स दिल्या. काळ्या म्हणाला, मॅडम, आधी तुम्हीच सगळं मोठ्यानं वाचा, तुमच्या आवाजात बरं वाटतं. कौतुक करायची त्याची ही पद्धत. वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. झोपला असावा.

१६ जानेवारी

पाड्यासमोर पहिला अंक करून दाखवला. अपयश म्हणणार नाही. पण प्रधान राजाच्या कानात कुजबुजायला लागला आणि बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आमच्याकडे भगत दुखण्यावर मंत्र म्हणून कानात फुंकतो. सगळ्यांना वाटलं, राजा आजारी आहे आणि जिग्नेश त्याला बरा करतोय. राजा रागाने थरथरला तेव्हा मागून आवाज आला की लागू पडलं.

नाटक संपल्यावर शेजारची बुधी आजी जिग्नेशसाठी अंडं घेऊन आली. तिचा गुडघा दुखतो. त्याने अंडं घेतलं आणि फुंकलंसुद्धा.

संकल्प: प्रेक्षक घडवायचे.

२१ जानेवारी, रविवार

काळ्या तालमीला नाही. गेल्या रविवारीही नव्हता.

जिग्नेश म्हणाला, तो रविवारी तलासरीच्या जीपमध्ये बसतो. तलासरीचा ग्रुपही स्पर्धेत आहे. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "जाऊ दे मॅडम, मी काही बोललो नाही."

किती समजूतदार मुलगा. शिवाय भूमिकेत पार शिरलाय. घरीही तेच वाक्य निघतं म्हणे तोंडातून.

२३ जानेवारी

जिग्नेशला खोदून खोदून विचारलं. तो सांगायला तयार नव्हता. एक तास तयार नव्हता. मग एवढंच म्हणाला की झेरॉक्स पिशवीत घालून माणूस तलासरीला कशाला नेतो, ते त्याला ठाऊक नाही.

आम्ही चारोटीच्या नाक्यावर बोलत होतो. ट्रकांचा आवाज, म्हणून तो कानाजवळ बोलत होता. बुधी आजी कासा गावच्या दवाखान्यातून गुडघा दाखवून येत होती. थांबली. म्हणाली, "तुला काय दुखतं गो?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"मंग तो कानात का फुंकतो?"

आम्ही दोघं फार हसलो. शिक्षणाचं महत्त्व अशा वेळी कळतं.

२८ जानेवारी, रविवार

पुरावा आला. जिग्नेशच्या मित्राने तलासरीहून फोटो पाठवला. एका फाटकाशी काळ्या उभा. समोर एक मुलगी. तिच्या हातात माझं नाटक, उघडलेलं. ती वाचतेय आणि हा मान डोलावतोय.

जिग्नेशने मला पाणी आणून दिलं.

२९ जानेवारी

सर्वांसमोर काळ्याला काढलं. कारण विचारायची गरज नव्हती, फोटो स्पष्ट होता. थर्माकोलचा मुकुट काळ्यानेच बनवला होता, तो त्याने बाकावर ठेवला. झेरॉक्स परत देऊ का, एवढंच विचारलं. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का?

राजाचं काम जिग्नेशने स्वीकारलं. अगदी नाइलाजाने. मुकुट त्याला बरोबर बसला. त्याने तो आधी घालून पाहिला होता.

आता प्रधान कोण? मीच. वाक्यं माझीच आहेत.

७ फेब्रुवारी

जिग्नेशला अजून पहिलं पानही पाठ नाही. पण तो उभा फार छान राहतो.

११ फेब्रुवारी, रविवार

झालं.

पडदा उघडला आणि जिग्नेश पहिलं वाक्य विसरला. दुसरंही. मी प्रधान, त्यामुळे मला त्याच्या कानाशी जाता येत होतं. गेले. पूर्ण नाटकभर राजाचं प्रत्येक वाक्य मी त्याच्या कानात सांगितलं आणि त्याने ते प्रेक्षकांना सांगितलं. शेवटी मर, असंही सांगितलं. तो मेला नाही. त्याचे मामा-मामी बघायला आले होते. दोनदा कानात सांगितलं, मर. त्याने केस नीट केले. पडदा पाडावा लागला.

नंबर आला नाही. पण परीक्षकांनी मला खलनायकाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिलं. म्हणाले, कानात विष ओतणं इतकं नैसर्गिक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर एक मुलगी थांबली होती. फोटोतली. मी तिला तलासरी ग्रुपच्या कारस्थानाबद्दल सुनवायची तयारी केली. ती काळ्याची बहीण नवशी निघाली. तलासरीच्या वसतिगृहात राहते, अकरावीला. भेटायला फक्त रविवारी देतात. म्हणाली, "दादाला वाचता येत नाही, मॅडम. मी वाचायचे, तो पाठ करायचा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, माहीत होतं.

खोटं बोलले. ती म्हणाली, त्याला सगळं नाटक पाठ आहे. प्रधानाचंसुद्धा.

१२ फेब्रुवारी

आईने प्रमाणपत्र देवाशेजारी लावलं आणि विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, अभिनयासाठी. ती पाड्यात सांगून आली.

जिग्नेशच्या दुकानावर नवा फ्लेक्स लागला. मुकुटासह.

बुधी आजी दारातून म्हणाली, बरं वाटतं का आता. मला आज हसू आलं नाही.

१४ फेब्रुवारी

संकल्प: काळ्याची माफी मागायची. मनापासून, काही न लपवता, त्याला मान देऊन. दिवसभर बसून लिहिली. चार पानं, दोन्ही बाजूंनी. अक्षर सुंदर आलंय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी वाडीत गेले. काळ्या लांब काठीच्या जाळीने चिकू उतरवत होता. मला पाहून थांबला. मी चार पानं पुढे केली.

त्याने चिकाचे हात पँटला पुसले. पानं घेतली. पहिलं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. सावकाश, आदराने. मग उलटून मागची बाजू पाहिली.

तेव्हा मला कळलं.

तो म्हणाला, नवशी रविवारी भेटते, तिच्याकडून वाचून घेईन. मी उभीच राहिले. मग त्याने पानं परत माझ्या हातात दिली. "नाहीतर तुम्हीच वाचा मॅडम. तुमच्या आवाजात बरं वाटतं."

बाकीचे गडी जवळ येऊन बसले. मी सुरुवात केली. पहिली अडीच पानं शोकांतिकेच्या व्याख्येवर आहेत. एक गडी उठून पाणी प्यायला गेला. काळ्याने पुन्हा काठी उचलली, झाडाकडे वळला. म्हणाला, वाचत राहा, ऐकतोय.

माफी चौथ्या पानावर आहे.