साडूची पवनचक्की

अक्षय तृतीया, शके १८३९
जोतिबाच्या डोंगरावर साडूच्या पवनचक्कीचा दिवा लागला. दरबारचे अधिकारी होते, त्याला फेटा बांधला म्हणे. अर्धी मंगळवार पेठ मला सांगून गेली. डायनामो, पंख, शेपूट, सगळं माझ्या अंगणातलं. पाडव्याला आमच्या पोळ्या खाता खाता दत्तोबानं डोळ्यांनी चोरलं. याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

वैशाख व. ४
डोंगरावर जाऊन पाहून आलो. शेपूट रिव्हेट मारून पक्कं केलंय! पाडव्याला बायकोनं गुढी चक्कीच्या खांबालाच उभारली होती. चक्र बाजूला वळून गुढीचं लुगडं पंखांत जाऊ नये म्हणून त्या दिवसापुरती मी शेपटाला पट्टी ठोकली. दत्तोबाला वाटलं, बनावटच तशी. वारा माजला की शेपूट दुमडायला हवं, म्हणजे चक्र वाऱ्यातून बाजूला वळतं. याचं वळणार नाही. मोडून खाली येणार. उतरताना हसू आवरेना.

ज्येष्ठ शु. ९
बाजारात भेटला. चार लोकांत मोठ्यानं, "दादा, तुमची फिरत्या का न्हाय अजून?" म्हटलं, "फिरत्या की." रिव्हेटचं ओठावर आलं होतं, गिळलं. बायकोलाही बोललो नाही. ती धाकट्या बहिणीला कळवल्याशिवाय राहायची नाही.

ज्येष्ठ व. ११
पश्चिमेचा वारा सुटला. माझं चक्र आपोआप कडेला वळलं. फार बरं वाटलं. अजून जोर हवा. बायको म्हणते, सारखं झाडाच्या शेंड्याकडं काय बघता.

आषाढ शु. २
उचगावचं काम आटपून दुपारी आलो. दाराला कुलूप. शेजारच्या अमिनाभाभींनी किल्ली दिली. "भैणीचं दिवस भरल्यात, डोंगरावर गेल्या. बाळंतीण उठंपतूर न्हाय यायच्या."
दत्तोबाचं घर चक्कीच्या खांबाखालीच. बाळंतिणीची खोली त्याच बाजूची. हे मला वैशाखातच दिसलं होतं. दिसूनही हसलो.
वारा सकाळपासून वाढतोय. पत्रे वाजतायत.
बाळंतिणीला हलवता यायचं नाही. म्हणजे रिव्हेट कापायला हवेत. कापले तर चक्की टिकणार, अन् त्याचं नावही. जन्मभर तो फेटा बघायचा.
टांगा सांगितलाय. छिन्नी पिशवीत टाकली, काढली, परत टाकली. दत्तोबा खांबाला हात लावू देईल का, तेही माहीत नाही.
टांगेवाला हाका मारतोय.